घोंगडीचे सोवळे

आपल्या जुन्या घरांतून सोवळ्यासाठी जी वस्त्रे राखून ठेवलेली असत, त्यांत रेशमी मुकटा आणि लोकरीची धाबळी या दोहोंचा मान काही निराळाच होता. सुती धोतर सोवळ्यात नेसावयाचे, तर ते शुचिर्भूत माणसाने धुऊन उंच दांडीवर काठीने वाळत घातलेले हवे. वाटेत कुणा पोराचा हात लागला की ते ओवळे झालेच. धाबळीला ही धास्ती नव्हती. ती खुंटीवर असो की पेटीत असो, तिची घडी कोणी घातली आणि कोणी उलगडली याची विचारपूस कोणी करीत नसे. लोकर मूळचीच शुद्ध, तिला स्पर्शाचा दोष लागत नाही, अशी आपली समजूत. हीच समजूत देवापुढच्या आसनापर्यंत पोहोचली. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानासाठी जे आसन सांगितले आहे, त्यात दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र येतात; पुढे मृगाजिन दुर्मिळ झाले आणि अनेक देवघरांत त्याची जागा लोकरीच्या आसनाने घेतली.

ही समजूत खरी की खोटी, हा आमचा आजचा विषय नव्हे. ज्यांना ती मान्य आहे त्यांनी ती पाळावी, ज्यांना नाही त्यांनी सोडावी. तो वाद आता पुरेसा जुना झाला आहे. आमचा प्रश्न दुसरा आहे. ज्या वस्त्राला कोणाचाच स्पर्श बाधत नाही, ते वस्त्र घडताना मेंढपाळाचा, कातरणाऱ्याचा, पिंजणाऱ्याचा, सूत काढणाऱ्या बाईचा आणि विणकराचा, असे कितीतरी स्पर्श त्यात मुरलेले असतात. ते सारे स्पर्श आपण निर्दोष म्हणून पोटात घेतले. परंतु तीच धाबळी एकदा अंगावर चढली, की जिने तिचे सूत काढले आणि ज्याने ती विणली, त्यांनी चार हात दूर उभे राहावे, हा नियमही आपणच केला. वस्तू जवळ आणि हात दूर, अशी ही व्यवस्था. वस्तूची शुद्धता मान्य करणारा माणूस त्या हाताचे काही देणे लागतो की नाही, आणि लागत असेल तर ते कसे फेडावे, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

शास्त्राकडे वळले तर तेथे अपेक्षेपेक्षा अधिक काही हाती लागते. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात सोमरस गाळण्याचे वर्णन पुनःपुन्हा येते. तो रस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळीत, आणि त्या गाळणीचे नाव 'पवित्र'. आज ज्या शब्दाने आपण तीर्थ, ग्रंथ, नदी आणि देऊळ यांना वंदन करतो, तो आपल्या सर्वांत प्राचीन वाङ्मयात लोकरीच्या गाळणीला लागलेला आहे, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही. दहाव्या मंडलात पूषन् या देवतेला, म्हणजे वाटांच्या आणि पशूंच्या रक्षकाला, मेंढ्यांच्या लोकरीची वस्त्रे विणणारा म्हटले आहे. देवाला विणकर म्हणताना त्या ऋषीला संकोच वाटला नाही.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने स्वच्छ करावी, कांबळ्यांतल्या एका जातीला रिठा लावावा, असा अगदी घरगुती तपशील तेथे सापडतो. परिटाच्या अनुभवावाचून तो लिहिला गेला असेल असे वाटत नाही. त्याच प्रकरणात थोडे पुढे गेले, की कारागिराचा हात सदैव शुद्ध असतो, आणि बाजारात विक्रीला मांडलेला मालही शुद्ध असतो, असे स्पष्ट वचन येते. या वचनाचा डांगोरा आपल्या कीर्तनांतून फारसा पिटला गेला नाही. त्याचे कारण उघड आहे. हात शुद्ध म्हटला की हातामागचा माणूस उभा राहतो, आणि त्याचे काय करावयाचे ते ठरवावे लागते. टीकाकारांनी ही अडचण ओळखून वचनाचा अर्थ कामापुरता आखून घेतला. माळी हार गुंफीत असेल तर त्याच्या घरी सुतक असले तरी त्या हारापुरता हात शुद्ध. हार संपला की सवलत संपली. ही सवलत माळ्यासाठी नव्हती हे सांगावयास नको. देवाला हार वेळेवर हवा होता.

यावर कोणी म्हणेल, की तुम्ही दोन भिन्न गोष्टींची गल्लत करता. द्रव्यशुद्धी हा भांड्याकुंड्यांचा आणि वस्त्रांचा विषय. त्यात मानापमानाचा प्रश्न नाही. सोवळ्यातील गृहस्थ स्वतःच्या मुलालाही शिवत नसे, मग त्याने मुलाचा अपमान केला असे म्हणावयाचे काय? आक्षेप वजनदार आहे. मुलाचा अपमान होत नव्हता हे आम्ही मान्य करतो. पण मूल तासाभराने त्याच माणसाच्या मांडीवर बसत असे. विणकराला ती मांडी केव्हाही नव्हती. नियम एकच असला, तरी एकाच्या बाबतीत तो घटकाभराचा आणि दुसऱ्याच्या बाबतीत जन्माचा असेल, तर त्याला एकच नियम म्हणणे न्यायाचे नाही.

शिवाय 'पवित्र' या शब्दाकडे पुन्हा पाहावे. 'पू' म्हणजे शुद्ध करणे. 'पवित्र' म्हणजे शुद्ध करण्याचे साधन. गाळणी पवित्र, कारण तिच्यातून गाळ अडतो आणि रस निर्मळ होऊन पुढे जातो. ती स्वतः गाळाचा स्पर्श घेते, म्हणून तर ती पवित्र. पुढे आपण या शब्दाचा अर्थ उलटा फिरविला. जे स्पर्श घेत नाही, जे अलिप्त राहते, ते पवित्र ठरले. पहिल्या अर्थाने पाहिले तर मेंढीच्या अंगावरची काटेकुसळांनी भरलेली लोकर घेऊन तिचे वस्त्र करणारा हात पवित्राचेच काम करीत असतो. दुसऱ्या अर्थाने पाहिले तर तोच हात दूर ठेवावयाचा.

हा विचार केवळ पोथीतला राहू नये, म्हणून एका गावाकडे वळू. बल्लारशाहून काझीपेठेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बेल्लमपल्ली नावाचे स्थानक लागते. गाव जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले. २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. मराठी वाचकांस हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषा बदलली तरी अंगावरचे वस्त्र बदलत नाही, याची तेथे चांगली साक्ष मिळते. आपली घोंगडी तेलुगूत गोंगडी होते. थोडे पश्चिमेस गेले की कन्नडात ती कंबळी आणि कोंकणीत कांबळ. नावे चार, मेंढी बहुधा एकच. दख्खनी जातीची, काळी, जाड आणि राठ लोकरीची, दुष्काळ सोसणारी.

तेलंगणात या मेंढीचे राखणे आणि तिच्या लोकरीचे विणणे ही दोन्ही कामे परंपरेने कुरुमा समाजाकडे आहेत. आपल्याकडे धनगर लोकर देतो आणि पुष्कळ ठिकाणी सणगर विणतो. तेथे मेंढी आणि माग एकाच घरात नांदतात. या समाजात लग्नाच्या वेळी मनगटात बांधावयाच्या कंकणावरून दोन शाखा सांगतात. एकीचे कंकण लोकरीचे, 'उन्नी कंकण'. दुसरीचे कापसाचे, 'पत्ती कंकण'. माणसाची ओळख तो काय खातो यावरून किंवा कोणाला शिवतो यावरून करण्यापेक्षा त्याच्या मनगटावर कोणता धागा आहे यावरून करावी, ही रीत आम्हांस तरी अधिक सुसंस्कृत वाटते.

घोंगडी कशी होते हे आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते, आपल्याला नाही. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. लोकर निवडावयाची ती रंगावरून, कारण तिला रंग द्यावयाचा नसतो. काळा, करडा, तपकिरी, पांढरा हे मेंढीनेच दिलेले रंग. मग ती पिंजतात. सूत काढण्याचे काम बहुतकरून बायकांचे, आणि साऱ्या कामात वेळ खाणारे तेच. सुताचा ताणा उन्हात लांब पसरून त्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे राठ सूत मागावर तुटत नाही. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी पावड्या चालवितो. तयार झालेले वस्त्र दिसावयास काही राजेशाही नसते. हाताला टोचते. पण पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की पाणी वरच्या वर निथळते, थंडीत ती पांघरूण होते, रानात अंथरूण होते, आणि रात्री व्यालेल्या मेंढीचे कोकरू तिच्यातच गुंडाळून घरी येते.

आणि देव? कुरुमांचा बीरप्पा म्हणजे आपला बिरोबा. सांगली जिल्ह्यातल्या आरेवाडीला आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला ज्याच्या नावाने भंडारा उधळतात तोच. कोमुरवेल्लीचा मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबा, आणि खंडोबाची बाणाई तर धनगराचीच लेक. बीरप्पाच्या आणि मल्लण्णाच्या कथा ओग्गू कथा सांगणारे कलावंत रात्र रात्र गातात. पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवापर्यंत कसे पोहोचते, हे डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात साधार मांडले. ज्ञानेश्वरांच्या गाथेत घोंगडीवर अभंग आहेत हे वारकऱ्यांस सांगावयास नको. म्हणजे देव वाड्यावरून आला, देवापुढचे आसन वाड्यावरून आले, आणि देवाच्या दारात कोणी कोठे उभे राहावे हे मात्र वाड्यावर ठरले नाही. पंढरपूरचे दार सर्वांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. ते दार ज्यांच्यासाठी बंद होते ते धनगर नव्हेत, त्यांच्याहूनही दूर लोटलेले लोक; पण वस्तू घ्यावी आणि हात दूर ठेवावा, ही वृत्ती दोन्हीकडे एकच.

बेल्लमपल्लीचे नाव मात्र घोंगडीमुळे झाले नाही, कोळशामुळे झाले. सिंगरेणीच्या खाणी तेथे निघाल्या, रेल्वे आली, वसाहती उठल्या, आणि मेंढरामागे फिरणाऱ्या व शेतात राबणाऱ्या घरांतील तरुण महिन्याच्या पगारासाठी जमिनीखाली उतरले. आता तेथील भूमिगत खाणींचीही पहिली भरभराट राहिलेली नाही, तो भाग निराळा. मागाच्या खड्ड्यातून उठून माणूस खाणीच्या खड्ड्यात गेला, असे म्हणून हळहळणारे लेख आम्ही वाचले आहेत. ती हळहळ आम्हांस अर्धवट वाटते. खाणीत धोका आहे, धूळ आहे. पण पगार आहे, पोराची शाळा आहे, म्हातारपणाची सोय आहे, आणि तेथे कोणी त्याला जन्मावरून मागाशी बांधीत नाही. घोंगडी जगावी म्हणून त्याने माग सोडू नये असे म्हणण्याचा अधिकार, जो स्वतः गिरणीचे ब्लँकेट पांघरतो, त्याला कोठून आला?

येथे आम्ही वाचकांस फार दूर, पश्चिम आशियातल्या डोंगरांत नेतो, कारण हाच प्रश्न तेथे अधिक ठसठशीत झालेला दिसतो. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेले कुर्द लोक हेही पिढ्यान् पिढ्या मेंढपाळ. उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात खाली, अशी त्यांच्या अनेक टोळ्यांची फिरस्ती. त्यांच्या स्त्रिया स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीचे गालिचे, सतरंज्या, मिठाच्या पिशव्या आणि खोगिरावर टाकावयाच्या पडशा विणीत. ते काम प्रथम विक्रीचे नव्हते. घराचे होते, लेकीच्या लग्नाचे होते. माग जमिनीवर आडवा, चार खुंट्यांवर ताणलेला. तळ हलविण्याचा दिवस आला की खुंट्या उपटावयाच्या, अर्धवट विणलेला गालिचा मागासकट गुंडाळून जनावरावर लादावयाचा आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणावयाचा. साहजिकच ताण पूर्वीसारखा बसत नाही, आणि गालिचा कोठे रुंद, कोठे अरुंद होतो. लोकर थोडी थोडी रंगविलेली असते. एक घाणा संपला आणि दुसरा लागला की निळ्यात दुसरी निळी छटा शिरते.

हे वाकडेपण आज जगाच्या बाजारात फार महाग आहे. शंभर वर्षांपूर्वीचा कुर्द गालिचा हा धनिकांच्या दिवाणखान्याचा आणि संग्रहालयांचा विषय झाला. व्यापारी त्याच्या चुकीविषयी एक गोड कथा सांगतात. पूर्णत्व फक्त ईश्वराचे, म्हणून विणणारी बाई मुद्दाम एक गाठ चुकवते, अशी ती कथा. कथा ऐकावयास बरी आहे. आम्हांस ती विणणारीपेक्षा विकणाऱ्याच्या कल्पनेतून निघालेली वाटते. ज्या बाईला गालिचा विणता विणता मूल पाजावयाचे आहे, भाकरी भाजावयाची आहे आणि परवा डेरा उचलावयाचा आहे, तिला चूक मुद्दाम करावी लागत नाही. तिच्या चुकीला विनय म्हणणे म्हणजे तिच्या श्रमाची दखल न घेता तिच्या भक्तीची तारीफ करणे होय. आमच्याकडे हे कौशल्य कमी नाही.

त्याहून विलक्षण गोष्ट नावांची. गालिच्यांना बिजार, सेन्ने, मोसुल अशी नावे आहेत. ही गावांची आणि बाजारपेठांची नावे. विणणारीचे नाव बहुधा कोठेच नाही. सेन्ने म्हणजे इराणातील सनंदज. गालिच्याच्या विद्येत 'सेन्ने गाठ' नावाची एक प्रसिद्ध गाठ आहे, आणि गंमत अशी की खुद्द सनंदजच्या स्त्रिया परंपरेने ती गाठ बांधीत नाहीत, दुसरीच बांधतात. ज्यांच्या गावाचे नाव गाठीला दिले, त्यांचे हात काय करतात हेसुद्धा नाव ठेवणाऱ्यांनी नीट पाहिले नाही. पडशांचेही तेच. जाफ टोळीच्या पडशांच्या दर्शनी बाजूला रंगीत चौकटींची भरगच्च विणकामे असतात. बाजाराने त्यांतल्या कित्येक पडशांची ती बाजू कापून घेतली, पाठ फेकून दिली, आणि 'चेहरा' तेवढा भिंतीवर टांगला. ज्या वस्तूत कोणे एके काळी घरचे सामानसुमान डोंगर चढत होते, तिचा उपयोग संपला आणि शोभा उरली.

आता जुनेपणाची किंमत पाहा. जुना गालिचा महाग का? असे काम आता होत नाही म्हणून. का होत नाही? १९३० च्या दशकात इराणात रेझा शाहच्या राजवटीने भटक्या टोळ्यांना सक्तीने एका जागी बसविले. फिरस्ती मोडली, कळप मोडले. १९८८ साली इराकी सैन्याच्या 'अन्फाल' मोहिमेत कुर्दांची गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, अगणित माणसे मारली गेली. म्हणजे दुर्मिळपणाच्या ज्या मोलाने संग्राहकाची तिजोरी भरते, त्या मोलात कोणाच्या तरी घराचा नाश मिसळलेला असतो. संग्राहकाने तो नाश केला असे आम्ही म्हणत नाही. तो बहुधा सज्जन, रसिक माणूस असतो, आणि त्याच्यामुळे पुष्कळ वस्तू वाचतात. एर्बिल शहराच्या प्राचीन गढीत २००४ साली कुर्द वस्त्रांचे संग्रहालय निघाले, ते वस्तू जपण्याचे काम स्वतः कुर्दांच्या हाती यावे म्हणून. परंतु रसिकतेने ऋण फिटते काय, हा प्रश्न त्या सज्जनालाही सुटत नाही. कौतुक करणाऱ्याला कौतुकाचा आनंद होतो. ज्याचे कौतुक व्हावयाचे ती बाई केव्हाच मातीत गेलेली असते.

बेल्लमपल्लीहून गाडीने दक्षिणेकडे गेले की काझीपेठ येते, आणि त्याला लागूनच वरंगळ. तेथील गालिचे १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात वाखाणले गेले होते. पुढे इंग्रजी अमलात तुरुंगांतून कैद्यांकडून गालिचे विणून घेण्याची पद्धत पसरली. आपल्या येरवड्याचे गालिचेही त्यातलेच. भारतीय कलांचे अभ्यासक जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली लिहिताना या तुरुंगी मालाने मूळ कारागिरांचा धंदा बुडविल्याबद्दल कडक टीका केली होती. वीण उत्तम आणि हात बंदिवान, अशी ही स्थिती. उत्तर भारतातल्या गालिच्यांच्या मागांवर लहान मुले बसविली जात, ही गोष्ट जगापुढे आल्यावर १९९४ साली बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यावर खूण लावण्याची योजना सुरू झाली. ती खूण विकत घेणाऱ्याला काय सांगते? गालिच्याला हात लावण्यापूर्वी तो कोणाच्या हातचा आहे हे विचार, एवढेच. आम्हांस ही खरी द्रव्यशुद्धी वाटते. मनूने रिठा सांगितला. या काळाने हा प्रश्न सांगितला.

ऋणाची कल्पना आपल्या धर्मात मध्यवर्ती आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन आपण तोंडपाठ म्हणतो. शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यांचे. आणि ते फेडण्याचा मार्गही तेथेच आहे, माणसांना आसरा द्यावा, अन्न द्यावे. हे चौथे ऋण आपल्या पाठांतरातून का गळाले असावे? पहिली तीन ऋणे ज्यांची, ते दृष्टीआड आहेत. चौथ्याचा धनको दारात उभा असतो आणि तो घासाघीस करू शकतो.

किंमत दिली की हे ऋण फिटते, असे बाजार म्हणतो. त्यात तथ्य आहे, आणि किंमत न देता केवळ मान देणाऱ्यांपेक्षा बाजार पुष्कळ बरा. पण किंमत संबंध संपवते. पैसे हातावर पडले की दोघांनी एकमेकांस विसरावयास हरकत नाही. आपल्या गावगाड्यात याच्या उलट होते. बलुतेदाराशी संबंध कधी संपत नसे, देवळाच्या उत्सवात त्याचा मान ठरलेला असे, सुगीला त्याचे धान्य ठरलेले असे. मात्र तो संबंध संपत नसे याचा दुसरा अर्थ असा, की त्याला तो संपविता येत नसे. बापाचा धंदा मुलाच्या कपाळी. बाजार विसरतो आणि गावगाडा सोडीत नाही. या दोहोंपैकी एक निवडा म्हटले तर विणकराच्या जागी उभे राहून आम्ही बाजारच निवडू. पण दोनच वाटा आहेत असे समजण्याचे कारण काय? जाण्यास मोकळा असलेला माणूस आपण होऊन राहिला, तर त्याच्याशी जो संबंध जुळतो, तो तिसरा.

आजकाल घोंगडीला मान पुष्कळ मिळतो. मेळाव्यात पुढाऱ्याच्या खांद्यावर ती टाकतात, हातात काठी देतात, छायाचित्र काढतात. भर उन्हाळ्यात त्या पुढाऱ्याचे जे हाल होतात त्याबद्दल आम्हांस सहानुभूती आहे. तेलंगणाचे लोकशाहीर गद्दर यांच्या खांद्यावर ती आयुष्यभर होती आणि तेथे ती शोभून दिसे. ते २०२३ साली वारले. परंतु सत्कारासाठी लागणाऱ्या घोंगड्यांनी मेंढी जगत नाही. २०१७ साली तेलंगण सरकारने गोल्ला आणि कुरुमा कुटुंबांना शेकडा पंचाहत्तर टक्के सवलतीने वीस मेंढ्या आणि एक मेंढा देण्याची योजना काढली. योजना मोठी होती, हेतूही चांगला होता. पण हिशेब मांसाचा होता, लोकरीचा नव्हता. मांसाला चांगल्या, आखूड केसांच्या मेंढ्यांचा कळपांतला वाटा वाढत गेला, तशी काळी दख्खनी मेंढी मागे पडत गेली. ती मेंढी गेली, तर मग माग आणि मान दोन्ही ठेवून करावयाचे काय?

देवस्थानांचे विश्वस्त आमचे वाचक आहेत, म्हणून त्यांच्यापुढे एक साधी गोष्ट ठेवतो. देवळात दरवर्षी आसने, पांघरुणे, बैठका लागतात. खरेदीच्या वहीत दुकानाचे नाव आणि रक्कम असते. त्यापुढे विणणाऱ्याचे नाव आणि गाव लिहावयाचे ठरविले, तर पहिल्याच दिवशी मोठी अडचण येईल, कारण ते दुकानदारालाही सांगता येणार नाही. ती अडचण यावी अशी आमची इच्छा आहे. मग कोणी तरी विचारावयास जाईल, विचारता विचारता सणगराच्या किंवा कुरुमाच्या दारापर्यंत पोहोचेल, आणि तेथे त्याला कळेल, की हाताने काढलेल्या सुताच्या घोंगडीला इतके दिवस लागतात, आणि तिचे दाम दुकानातल्या आसनाच्या कैक पटींनी आहे. ते दाम द्यावयाचे की नाही, हे विश्वस्तांनी ठरवावे. नको असेल तर तसे सांगावे. परंपरेवर व्याख्यान ठेवू नये. हा विषय आजवर आपण भिजत घोंगड्यासारखा ठेवला, आणि खरी घोंगडी भिजली तर निदान वाळते तरी.

मेंढीची लोकर तर कोणी घेवो न घेवो, वर्षातून दोनदा कातरावीच लागते. नाहीतर ती जनावराच्या अंगावर जड होते आणि त्यात गोचिडी माजतात. कातरणाऱ्याची मजुरी मेंढपाळ पदरची देतो. पूर्वी ही लोकर विकून त्याच्या घरात मीठमिरची येत असे. आज दख्खनात कित्येक ठिकाणी तिला गिऱ्हाईकच नसते, आणि काळ्या लोकरीचे ढीग बांधावर, काटेरी कुंपणांच्या कडेला पावसात पडून कुजतात. शहरात पूजासाहित्याच्या दुकानातून आपण देवासाठी जे मऊ, रंगीत आसन आणतो, ते पुष्कळदा कृत्रिम धाग्याचे असते.